थंडीची लाट कोल्हापुरात उतरण्याआधी: अंदाज कसा वाचायचा आणि हातातल्या चार दिवसांत काय करून ठेवायचं

कोल्हापूरला थंडी अचानक गाठत नाही. आधी काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो, मग दिल्ली-राजस्थान गारठतं, मग जळगाव, निफाड, पुणे, सातारा असं करत गारठा खाली सरकतो आणि दोन-चार दिवसांनी आपल्या जिल्ह्यात उतरतो. म्हणजे तयारीला वेळ मिळतो. तरीही थंडी वाढली की तान्ही रेडकं दगावतात, रोपवाटिकेतली रोपं माना टाकतात, आणि बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत अशा बातम्या येतात. यातलं बरंचसं टाळण्याजोगं आहे. त्यासाठी कुठला आकडा कधी बघायचा आणि कुठलं काम कुठल्या दिवशी उरकायचं, ते इथं क्रमानं मांडलं आहे.

ही थंडी येते कशी

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या हवामानाच्या प्रणाली, एकामागून एक पूर्वेकडे सरकत येतात. झंझावात उत्तर भारतावर असताना तिथं ढग असतात, पाऊस पडतो, डोंगरात बर्फ पडतो आणि रात्रीचं तापमान उलट थोडं वाढलेलं असतं. खरी थंडी त्याच्या मागून येते. तो पुढं निघून गेला की आकाश मोकळं होतं आणि वायव्येचा कोरडा, गार वारा मैदानात उतरतो. राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून तो तापीच्या खोऱ्यात येतो, तिथून दख्खनच्या पठारावर चढतो.

कोल्हापूरपर्यंत येताना या वाऱ्यातला बराचसा गारवा वाटेतच संपतो. आपण पार १६.७ अंश अक्षांशावर, आणि सह्याद्रीपलीकडचा समुद्र सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर. मग पहाटे एवढं काकडायला का होतं? कारण आपली निम्मी थंडी आपल्याच जमिनीवर तयार होते. उत्तरेचा वारा हवा कोरडी करतो, ढग पुसून टाकतो. मग डिसेंबर-जानेवारीच्या लांब रात्रीत दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता आकाशात सोडत राहते आणि तिला अडवायला वर काही नसतं. म्हणून कोल्हापूरच्या थंडीला दोन गोष्टी एकत्र लागतात: उत्तरेकडून येणारी कोरडी हवा आणि निरभ्र, शांत रात्र. यातली एक नसली तर टीव्हीवर कितीही लाट दाखवोत, आपल्याकडं पारा फारसा उतरत नाही.

हे गणित बिघडवतो तो बहुतेक वेळा बंगालचा उपसागर. तिथं वादळ उठलं की पूर्वेचे दमट वारे दक्षिण महाराष्ट्रात शिरतात, ढग येतात आणि रात्री उबदार होतात. ३० नोव्हेंबर २०२४ ला फेंगल चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्याला लागलं, त्यानंतरच्या दिवसांत आपल्याकडची जमत आलेली थंडी ढगांनी मोडली. म्हणून थंडीचा अंदाज बघताना उत्तरेइतकंच आग्नेयेकडेही बघायचं.

चार दिवस आधी: आकड्यांचा माग काढा

भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. किमान तापमान सरासरीच्या खाली राहणार की वर, एवढा कल त्यातून कळतो. तारखेनिशी भरवसा त्यावर ठेवू नये. रोजच्या कामाला उपयोगी पडतात ते विभागाच्या संकेतस्थळावरचे आणि ‘मौसम’ ॲपवरचे शहरवार आकडे.

चार ठिकाणं धरा: जळगाव, निफाड किंवा नाशिक, पुणे, आणि आपलं कोल्हापूर. रोज सकाळी चौघांचं किमान तापमान भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा. आकडा किती आहे यापेक्षा तो कालपेक्षा कितीनं उतरला, हे बघायचं. समजा जळगाव दोन दिवसांत १५ वरून १० वर आलं आणि तिसऱ्या दिवशी पुणेही तीन अंशांनी खाली आलं, तर पुढच्या एक-दोन पहाटे आपल्याकडंही दोन-तीन अंशांची घसरण धरून चालावं. जळगाव उतरलं पण पुणे जागचं हललं नाही, तर वाट बघा. लाट वाटेतच विरण्याची शक्यता असते.

निफाडच्या आकड्यानं मात्र घाबरून जाऊ नका. तिथली नोंद गहू संशोधन केंद्राच्या मोकळ्या शेतातली आहे. तिथं पारा ५-६ अंशांवर गेल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, पण त्याचा अर्थ कोल्हापुरात ६ होणार असा नाही. निफाड आपल्याला दिशा सांगतं, एवढंच.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. किमान तापमानाची नोंद सकाळी साडेआठला घेतली जाते. त्यामुळं सकाळी हातात पडणाऱ्या छापील पेपरातला आकडा कालच्या पहाटेचा असतो. झपाट्यानं थंडी वाढत असताना हा एक दिवसाचा फरक महागात पडू शकतो, म्हणून आकडा ॲपवरच बघावा.

इशाऱ्याची वाट बघत बसू नका

हवामान विभागाचे रंग सगळ्यांना पावसाळ्यामुळं पाठ झालेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. थंडीलाही हेच रंग. पण सपाट प्रदेशात थंडीची लाट जाहीर होण्यासाठी किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली जावं लागतं, आणि शिवाय ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असावं लागतं. फरक ६.४ च्या पुढं गेला तर ती तीव्र लाट. पारा ४ अंशांवर आला तर सरासरी न बघताच लाट धरतात.

आता हे कोल्हापूरला लावून बघा. डिसेंबर-जानेवारीतली आपली किमान तापमानाची सरासरी १५ अंशांच्या आसपास. म्हणजे पहाटे १२ अंश असले तरी कागदोपत्री लाट नाही. पण आपली कौलारू घरं, पत्र्याचे गोठे आणि आपली अंगं १५ अंशांना सरावलेली आहेत. १२ अंशांत रेडकाला न्यूमोनिया व्हायचा तो होतोच. म्हणून स्वतःच्या पायऱ्या ठरवून घ्याव्यात असं मला ठामपणे वाटतं. अंदाजात १४ दिसला तर नेहमीची काळजी पुरे. १२ दिसला तर खाली दिलेली घर आणि गोठ्याची कामं उरका. १० दिसला तर सगळंच, शेजारच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची चौकशीसुद्धा.

दोन दिवस आधी: आकाश, धूर आणि दवबिंदू

हवामानाच्या बऱ्याच ॲपमध्ये दवबिंदू नावाचा एक आकडा असतो, त्याकडं सहसा कुणी बघत नाही. थंडीसाठी तोच सगळ्यात कामाचा. हवा त्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातलं बाष्प दव किंवा धुकं होऊन बाहेर पडतं, त्यात उष्णता सुटते आणि घसरण मंदावते. संध्याकाळी दवबिंदू १५-१६ असेल तर रात्र साधारण तिथंच येऊन अडते; दहिवर पडेल, धुकं धरेल, पण हाडं गोठवणारी थंडी नसेल. दवबिंदू ७-८ वर आला असेल तर पाऱ्याला मध्ये अडवणारं काही नाही. ओठ फुटायला लागले, टाचा उलायला लागल्या की हवा कोरडी झाल्याची ती घरगुती खूण.

वारा बघायला गुऱ्हाळाची किंवा कारखान्याची चिमणी पुरते. संध्याकाळी धूर सरळ वर जाऊन थोड्याच उंचीवर आडवा पसरला आणि तिथंच तरंगत राहिला, तर जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार झाली आहे आणि वारा पडला आहे. त्यात आकाशात चांदण्या स्वच्छ दिसत असतील तर ती पहाट कडक जाणार.

तुमच्या वाडीचा आकडा वेगळा असतो

अंदाजात ‘कोल्हापूर १३’ असं लिहिलेलं असतं तेव्हा तो एका वेधशाळेतला, जमिनीपासून माणसाच्या छातीच्या-डोक्याच्या उंचीवर सावलीत ठेवलेल्या तापमापकाचा आकडा असतो. मोकळ्या रानात, जमिनीला टेकून, त्याच पहाटे तापमान दोन-चार अंशांनी कमी असू शकतं. कोवळी रोपं त्या जमिनीलगतच्या थंडीत उभी असतात.

शिवाय गार हवा जड असते. रात्री ती उतारावरून ओघळत खोलगट भागात साचते. त्यामुळं प्रयाग चिखलीच्या संगमाजवळची काठाची रानं, भोगावती-कुंभी-कासारीची खोरी, गगनबावडा-राधानगरीकडची डोंगरात अडकलेली गावं शहराच्या पेठांपेक्षा जास्त गारठतात. पन्हाळ्याचंही तसंच आहे. गडावर वारा लागतो म्हणून अंगाला थंडी जास्त वाटते, पण शांत पहाटे खालच्या धुक्यात बुडालेल्या गावातला पारा गडापेक्षाही खाली असू शकतो. शिरोळ-हातकणंगल्याच्या सपाट, कोरड्या पट्ट्यात रात्र लवकर गार होते. चंदगड-आजऱ्याकडं पश्चिमेची दमट हवा असली की धुकं जास्त आणि घसरण कमी.

एक साधा तापमापक घ्या. सावलीत, सिमेंटच्या भिंतीपासून दूर, छातीच्या उंचीवर टांगा. सूर्य उगवायच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत सातच्या आसपास, आकडा बघा. दिवसातलं सगळ्यात कमी तापमान तेव्हाच असतं. अंदाज आणि तुमचा आकडा यांत किती फरक पडतो हे काही दिवसांत कळेल. तो फरक मग कायम वजा करत चला.

आदला दिवस: घर

वाकळा, घोंगडी, रजया दुपारच्या उन्हात दोन-तीन तास घाला. ओल गेलेली वाकळ जास्त ऊब देते. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातलेले बरे, कारण मधली हवा ऊब धरून ठेवते आणि आपल्याकडं दुपारी पारा पुन्हा २८-३० वर जातो तेव्हा एकेक थर उतरवता येतो. पहाटे हुडहुडी आणि दुपारी घाम, हा कोल्हापूरच्या थंडीचा खरा त्रास आहे. सर्दी-खोकला वाढण्यात याचा मोठा वाटा असतो.

रक्तदाबाची, हृदयाची, दम्याची औषधं घरात आठवडाभर पुरतील एवढी आहेत का ते आजच बघा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि पहाटेच्या वेळी हृदयावर ताण जास्त येतो. ज्येष्ठांनी रंकाळ्यावरचं फिरणं उन्हं वर आल्यावर करावं. साडेपाचला उठून जायची सवय असेल तर या चार-सहा दिवसांपुरती ती मोडावी. हट्ट करू नये. तालमीतल्या पोरांनी व्यायाम थांबवायची गरज नाही, पण जोर-बैठकांआधी अंग नीट तापवावं आणि घामेजल्या अंगानं बाहेर वाऱ्यात उभं राहू नये.

आता शेगडी. यावर जितकं सांगावं तितकं थोडं. पेटता कोळसा किंवा लाकडाचे निखारे बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, धूर थांबला तरी तो निघतच राहतो. झोपेत तो कळतही नाही. खोली ऊबदार करायची असेल तर झोपण्याआधी शेगडी ठेवा, खिडकी थोडी उघडी असू द्या, आणि अंथरुणाला पाठ टेकण्याआधी शेगडी बाहेर नेऊन विझवा. बाळंतिणीच्या खोलीत शेक-धुरी देतानाही दार उघडंच पाहिजे. गॅस गिझरचं तेच. तो न्हाणीघराच्या आत असेल आणि हवा जायला वाट नसेल तर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार उघडून हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा. डोकं दुखणं, मळमळ, अंगात त्राण नसणं हे सगळं घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी व्हायला लागलं, तर आधी सगळ्यांनी मोकळ्या हवेत यायचं, मग १०८ ला फोन.

तान्ह्या बाळाचं पोट आणि छाती हात लावून बघत राहा. हातपाय गार असणं चालतं, पोट गार लागलं आणि बाळ दूध ओढेनासं झालं तर दवाखाना. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं अडखळायला लागलं, गुंगी आली, किंवा आधी कुडकुडत होतं ते कुडकुडणं एकदम थांबलं, तर ती थंडी बाधल्याची गंभीर खूण आहे. ओले कपडे काढून कोरड्या घोंगडीत गुंडाळा, शुद्धीत असेल तर कोमट गोड पाणी द्या, हातपाय जोरात चोळू नका. दारूनं ऊब येते हा समज जीवघेणा आहे. तिच्यामुळं कातडीकडं रक्त येऊन अंगातली उष्णता उलट बाहेर जाते.

आदला दिवस: गोठा

थंडीपेक्षा ओल जास्त मारते. म्हणून पहिलं काम खालची जमीन कोरडी करणं: शेण-मूत काढून वाळलेलं पाचट किंवा भुसकट जाड अंथरा. उत्तरेकडची आणि ईशान्येकडची बाजू पोत्यांच्या पडद्यानं अडवा, पण वर छपराजवळ हवा जायला फट ठेवा. पूर्ण कोंडलेल्या गोठ्यात मुताच्या वाफेनं जनावरांची फुप्फुसं धरतात. पडदे सकाळी ऊन आलं की वर करायचे.

म्हशीच्या अंगावर केस कमी, त्यामुळं गाईपेक्षा तिला थंडी लवकर लागते. रात्री पोत्याची झूल घाला. पहाटे हौदातलं गार पाणी पाजण्यापेक्षा ताजं, बोअरचं पाणी द्या, ते कोमट असतं. संध्याकाळच्या वैरणीत कडब्याचं प्रमाण वाढवा, कारण कोरडी वैरण पचताना जनावराच्या अंगात उष्णता तयार होते. म्हैस धुवायची ती दुपारीच.

रेडकू जन्माला आलं की कोरडं पुसून काढा, नाळेला आयोडीन लावा आणि पहिल्या तास-दोन तासांत त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पाजायला सुरुवात करा. थंडीच्या लाटेत विणारी म्हैस कोण हे आधीच माहीत असतं, तेव्हा तिच्यासाठी गोठ्यातला वारा न लागणारा कोपरा राखून ठेवा.

आदला दिवस: रान

गहू, हरभरा, शाळूला ही थंडी मानवते, त्यांची काळजी नको. उभ्या उसालाही रात्रीचा गारवा साखर भरायला मदत करतो. अडचण आहे ती नुकत्याच तोडलेल्या उसाच्या खोडव्याची (बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाची) आणि सुरू हंगामातल्या नव्या लागणीची. गारठ्यात फुटवा रेंगाळतो. पाचट जाळू नका, ते सरीत दाबा, पण बुडखे उघडे ठेवा म्हणजे दुपारचं ऊन त्यांना लागेल.

भाजीपाला, केळी, पपई आणि रोपवाटिकेला संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री सावकाश सोडते. रोपांच्या वाफ्यांवर बांबूच्या कमानी करून प्लॅस्टिक किंवा नेट टाका. संध्याकाळी ऊन उतरायच्या आत झाका आणि सकाळी ऊन पडलं की उघडा, नाहीतर आत कोंडून रोगट होतील. केळीचे घड पिशवीनं झाका. दव वाळल्याशिवाय कुठलीही फवारणी करू नका.

रात्रीच्या लाईटची पाळी असेल तर पाणी पाजायला एकट्यानं जाऊ नका. गमबूट, कानटोपी, कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि चांगली बॅटरी सोबत घ्या. राधानगरी-भुदरगडकडं गव्यांचंही भान ठेवावं लागतं. पाण्यात भिजलेल्या पायांनी वाऱ्यात उभं राहणं हे शेतकऱ्याला थंडी बाधण्याचं नेहमीचं कारण आहे. पीकनिहाय सल्ला ‘मेघदूत’ ॲपवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठीत येतो, तो लाटेच्या आठवड्यात जरूर वाचा.

फडातल्या कोप्या

डिसेंबर-जानेवारीत उसाचं गाळप ऐन भरात असतं आणि बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपल्या रानात, कारखान्यांच्या तळावर पाचटाच्या कोप्यांत (झोपड्यांत) राहतात. जिल्ह्यात थंडी सगळ्यात जास्त झोंबते ती या लोकांना. जमिनीवर झोपायचं, पहाटे तीन-चारला फडात जायचं, दवानं भिजलेला ऊस तोडायचा, आणि लेकरं कोपीत. तुमचा ऊस तोडायला टोळी आली असेल तर लाटेआधी एवढं करा: खाली अंथरायला कोरडं पाचट आणि वर ताडपत्री, कोपीच्या वाऱ्याच्या बाजूला आडोसा, आणि घरात पडून असलेली जादा घोंगडी. शेकोटी कोपीपासून चांगली दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावी, झोपताना पाणी ओतून विझवावी. पाचट पेटायला ठिणगी पुरते. पहाटेऐवजी तास-दोन तास उशिरा तोड सुरू करता येईल का, हे मुकादमाशी बोलून बघा.

पहाटेचा रस्ता

धुक्यात २०० मीटरच्या पलीकडचं दिसेनासं झालं की ते दाट धुकं. पुणे-बेंगळुरू महामार्गावर नदीकाठच्या भागात आणि गगनबावडा, आंबा, फोंडा घाटांत ते अचानक समोर येतं. दिवा लहान ठेवा. मोठा दिवा धुक्यावरून परत डोळ्यांत येतो. आपल्याकडचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे रस्त्याकडेला दिवे नसलेली उसाची ट्रॉली किंवा बैलगाडी. ट्रॉलीवाल्यांनी मागं रिफ्लेक्टर लावलाच पाहिजे आणि नादुरुस्त ट्रॉली रस्त्यावर सोडून जाता कामा नये. दुचाकीवाल्यांनी छातीवर जॅकेटच्या आत जाड कागद किंवा वर्तमानपत्र घातलं तरी वारा बराच अडतो.

लाट ओसरताना

वारा पूर्वेकडं किंवा आग्नेयेकडं वळला, दवबिंदू दोन-तीन दिवसांत पाच-सहा अंशांनी चढला आणि दुपारी पांढरे ढग दिसू लागले की थंडी संपत आली असं समजा. पडदे लगेच काढू नका, आणखी दोन रात्री राहू द्या, कारण मागून दुसरा झंझावात असू शकतो. रानात मात्र आता लक्ष वेगळ्या गोष्टीकडं हवं. ढगाळ, दमट हवेत हरभऱ्यावर घाटे अळी, आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आणि भुरी, चंदगड-आजऱ्याच्या काजूवर ढेकण्या डोकं वर काढतात. ढग आल्यावर पहिल्या दोन दिवसांत झाडं फिरून बघा, फुटवे आणि मोहोर उलटून बघा, आणि कीड दिसली तरच कृषी सहाय्यकाला दाखवून फवारणी ठरवा.